फाट्यापर्यंतचे चार किलोमीटर : पहिल्या मोटारसायकलीच्या अंदाजपत्रकाचे एक प्रकरण

२०२५च्या ऑगस्टमधील दुसऱ्या आठवड्यात माझा भाचा एका शोरूमचे कोटेशन घेऊन घरी आला आणि कागद टेबलावर ठेवण्यापूर्वीच म्हणाला, "मामा, हप्ता फक्त साडेतीन हजार आहे." सहकारी बँकेत वसुलीच्या टेबलावर बरीच वर्षे काढल्यामुळे या वाक्यातला "फक्त" हा शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. गाडीची किंमत विचारली की विक्रेता हप्ता सांगतो, आणि हप्ता ऐकला की घेणारा किंमत विचारायचे विसरतो. त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत आम्ही दोघांनी जो हिशेब मांडला, त्यात मी कुठे चुकलो आणि कुठे त्याचे बरोबर निघाले, हे त्याच्या संमतीने येथे नोंदवत आहे. त्याचे, गावाचे आणि शोरूमचे नाव जाणीवपूर्वक दिलेले नाही.

भाचा बावीस वर्षांचा, आयटीआय फिटर, चाकण एमआयडीसीतील सुट्या भागांच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. सगळी कपात जाऊन हातात पडणारा पगार १७,२०० रुपये. त्यातले ७,००० तो घरी आईकडे देतो, ३,००० त्याचा स्वतःचा खर्च, ज्यात कंपनीच्या बसचे ६०० रुपये आले, आणि २,००० रुपये आवर्त ठेवीत जातात. उरतात ५,२००. आधीची ठेव मुदत पूर्ण होऊन मिळालेली रक्कम आणि नुकतीच लागलेली भिशी मिळून त्याच्याकडे ५२,००० रुपये जमले होते. गाव खेड तालुक्यात, कारखान्यापासून सोळा किलोमीटरवर, पण कंपनीची बस गावात येत नाही. ती पुणे-नाशिक महामार्गावरच्या फाट्यावर थांबते आणि गाव फाट्यापासून चार किलोमीटर आत आहे. पहिल्या शिफ्टला जाताना कोणीतरी सोडते. दुसरी शिफ्ट मात्र रात्री बाराला सुटते, बस फाट्यावर सोडून निघून जाते, आणि पुढचे चार किलोमीटर अंधारात चालत यावे लागते. पावसाळ्यात तर माझी बहीण तो दारात येईपर्यंत जागी असते.

गाडी कशासाठी हवी, असे मी विचारले तेव्हा उत्तर आले, "कामावर जायला." हे उत्तर खरे होते, पण अपुरे होते, आणि या संपूर्ण प्रकरणाची किल्ली त्याच अपुरेपणात होती. कामावर जाणे म्हणजे सोळा किलोमीटर की चार? रोज येऊन-जाऊन बत्तीस किलोमीटर चालवायचे की आठ? महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर पहिल्या उत्तराचे ८३२ किलोमीटर होतात आणि दुसऱ्याचे २०८. कोणती गाडी घ्यावी यावर मुले तासन्‌तास वाद घालतात, पण ती महिन्याला किती पळणार हे कोणी कागदावर लिहीत नाही. वास्तविक खर्चाचा मोठा भाग तिथेच ठरतो.

त्याच्या मनात खरे तर बुलेट होती. ती चर्चा लवकर आटोपली. ऑन-रोड सव्वादोन लाखांच्या आसपास जाणाऱ्या गाडीला चाळीसेक हजार भरून १,८०,००० रुपयांचे कर्ज काढले, तर बारा टक्क्यांनी चार वर्षांचा हप्ता ४,७४० रुपये येतो. रोज कारखान्यापर्यंत नेल्यास लिटरला पस्तीस-छत्तीसच्या ॲव्हरेजने पेट्रोलचेच दोन हजार चारशे होतात. उरणाऱ्या ५,२०० रुपयांत हे बसत नाही, हे त्याला बेरीज पूर्ण होण्याआधीच कळले. त्याने कागद स्वतःच घडी करून बाजूला ठेवला. मी काही बोललो नाही.

त्यानंतर राहिले १२५ सीसीच्या नव्या गाडीचे कोटेशन. एक्स-शोरूम किंमत ९४,०००, पासिंग ११,५००, विमा ८,९००, "हँडलिंग" २,५००, ॲक्सेसरीज ४,२००, वाढीव वॉरंटी १,४००, एकूण १,२२,५००. या कागदाचे दोन भाग करावे लागतात: सरकारचे पैसे आणि दुकानाचे पैसे. महाराष्ट्रात ९९ ते २९९ सीसीपर्यंतच्या दुचाकीला किमतीच्या ११ टक्के एकरकमी कर भरावा लागतो, त्याचे १०,३४० झाले. नोंदणी, स्मार्ट कार्ड आणि कर्ज असल्यास आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बोजा, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या हक्काची नोंद, चढवण्याचे शुल्क ही किरकोळ भर. पासिंगच्या आकड्याबद्दल म्हणून तक्रार नव्हती. हँडलिंग हे मात्र कोणतेही शासकीय शुल्क नाही. गाडी गोदामातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च ग्राहकाने वेगळा का द्यावा, असे भाच्याने शांतपणे विचारल्यावर ती ओळ दुसऱ्या भेटीत कागदावरून नाहीशी झाली. ॲक्सेसरीजमधून फक्त ११०० रुपयांचे लेगगार्ड ठेवले, तेही बहिणीने हट्ट धरला म्हणून. डिस्क ब्रेकचे मॉडेल ड्रम ब्रेकपेक्षा महाग होते, पण तो फरक मी एका शब्दानेही कमी करायला सांगितला नाही.

विम्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण नव्या गाडीचा विमा पाच वर्षांचा असतो असा समज सर्वत्र आहे आणि तो अर्धाच खरा आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला त्याचा हप्ता ३,८५१ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. पण हा विमा आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्यासाठी आहे. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग सामान्यतः एकाच वर्षाचा असतो, आणि वर्ष संपल्यावर "पाच वर्षांचा आहे की" या भरवशावर अनेक जण तो पुढे चालवतच नाहीत. शोरूमच्याच विमा कंपनीकडून विमा घेतला पाहिजे, असेही बंधन नाही. बाहेरून दर मागवल्यावर पाच वर्षांचा थर्ड पार्टी, एक वर्षाचा स्वतःच्या नुकसानीचा आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा मिळून ६,३०० रुपयांत काम झाले. कोटेशनमधला विमा महाग होता, पण त्यात झिरो डेप्रिसिएशनची, म्हणजे दाव्यातून घसारा न कापण्याची, सोय होती आणि ती मी काढून टाकायला लावली. प्लॅस्टिकच्या भागांचा दावा मंजूर करताना साध्या विम्यात निम्मी किंमत कापली जाते, आणि नवशिक्या चालकाच्या हातून पहिल्या वर्षी प्लॅस्टिकच फुटते. बाहेरच्या कंपनीकडेच थोडे जास्त भरून ती सोय घेता आली असती. आज तोच कागद समोर आला तर मी वेगळा सल्ला देईन.

मी स्वतः मात्र नव्या गाडीच्या विरोधात होतो. पहिली गाडी पडणार, घासणार, मित्र मागून नेणार, तेव्हा ती वापरलेलीच असावी, हे माझे जुने मत. भाच्याच्या ओळखीतून ११० सीसीची २०१९ची एक गाडी ३८,००० रुपयांना मिळत होती. मागचा टायर आणि चेन-स्प्रॉकेट बदलावे लागणार होते, उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवायची राहिली होती, तिचे जीएसटीसह ५३१, पाच वर्षांचा मूळ विमा २०२४मध्येच संपला होता, म्हणून तोही नवा. सगळे धरून ४३,००० रुपयांत गाडी दारात, आणि कर्ज शून्य. कागदावर याच्याइतका चांगला सौदा नव्हता.

तो सौदा आरसीने मोडला. एम-परिवहन ॲपवर क्रमांक टाकून पाहिला तेव्हा दोन ई-चलने थकलेली दिसली, आणि त्याहून गंभीर म्हणजे आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा तसाच होता. मालकाचे म्हणणे, कर्ज कधीच फिटले आहे. ते खरेही असेल. पण कंपनीचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ दिल्याशिवाय बोजा उतरत नाही, आणि बोजा उतरल्याशिवाय फॉर्म २९ व ३० भरून गाडी नावावर करण्याचे काम अडून राहते. मालकाला पैसे आधी हवे होते आणि कागद "नंतर बघू" म्हणत होता. नावावर न झालेली गाडी चालवणे म्हणजे अपघात झाला तर एकाच्या चुकीत दोन घरे गुंतवणे, एवढे सांगून मी स्वतःच सुचवलेला पर्याय स्वतःच मागे घेतला. दुसरी जुनी गाडी शोधू असेही म्हटले, पण भाच्याने तीन ठिकाणी पाहून हात टेकले. माफक किमतीच्या ज्या गाड्या मिळत होत्या, त्यांचे कागद किंवा इंजिन यांपैकी एक तरी बिघडलेले होते.

त्याला गणपतीला, म्हणजे २७ ऑगस्टला, गाडी आणायची होती. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटीत बदल होणार असे जाहीर केल्यावर मी त्याला थांबायला सांगितले. त्या वेळी दुचाकींचे नाव निश्चित नव्हते आणि माझ्या सांगण्यात अंदाजच अधिक होता. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के केला आणि तो २२ सप्टेंबरपासून लागू झाला. योगायोग असा की २१ला सर्वपित्री अमावास्या आणि २२ला घटस्थापना. पितृपक्षात आमच्याकडे कोणी गाडी घेतच नाही, त्यामुळे बहिणीला थांबण्याचे कारण समजावून सांगावे लागले नाही. कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणजे गाडी दहा टक्क्यांनी स्वस्त झाली, असे भाचा धरून चालला होता. प्रत्यक्षात शंभराची मूळ किंमत १२८ची ११८ होते, म्हणजे उतार सुमारे ७.८ टक्क्यांचा. ९४,००० रुपयांची गाडी ८६,६५० रुपयांवर आली. एकरकमी कर किमतीवरच लागत असल्याने पासिंगही आठशे रुपयांनी घटून १०,७०० झाले.

थांबण्याचा दुसरा फायदा मी मुद्दाम साधला. भाच्याकडे परवाना नव्हता. गावात गाडी येते सगळ्यांना, परवाना असतो निम्म्यांना. विनापरवाना चालवण्याचा दंड कायद्यात पाच हजार रुपये आहे, आणि दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी की परवाना नसताना अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात पहिला प्रश्न तोच येतो. शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. ऑगस्टच्या मध्यावर त्याने ऑनलाइन अर्ज केला आणि सप्टेंबरअखेर चाचणी दिली. दोन्ही मिळून सरकारी शुल्क हजार रुपयांच्या आसपास गेले. एजंटाने तीन हजार सांगितले होते.

मग कर्ज. गाडी १,०४,७५० रुपयांवर आली: ८६,६५० किंमत, १०,७०० पासिंग, ६,३०० विमा, १,१०० लेगगार्ड. सत्तर हजारांचे कर्ज आणि ३४,७५० रोख, असे ठरले. शोरूममधल्या फायनान्सच्या टेबलावर "दहा टक्के" व्याज सांगितले गेले आणि आमच्या पतसंस्थेत बारा टक्के. भाचा दहा टक्क्यांकडे झुकला, आणि कोणीही झुकेल. पण ते दहा टक्के फ्लॅट होते. सत्तर हजारांवर दोन वर्षांचे सरळ १४,००० रुपये व्याज लावून ८४,००० रुपयांचे चोवीस भाग केले की हप्ता ३,५००. मुद्दल दरमहा फिटत जाते, व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत संपूर्ण सत्तर हजारांवरच धरलेले असते. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर वर्षाला अठरा टक्क्यांच्या थोडा वरच जातो. पतसंस्थेचे बारा टक्के घटत्या शिलकीवर होते. तिथे हप्ता ३,२९५ आणि दोन वर्षांचे एकूण व्याज सुमारे ९,०८०. फायनान्सची प्रोसेसिंग फी १,८०० होती, पतसंस्थेचा अर्ज, मुद्रांक आणि सभासद शेअर मिळून १,१०० लागले. दोन्हीकडचा फरक साडेपाच हजारांच्या पुढे गेला. पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात, ही तिची अडचण. एक मी झालो, दुसरे त्याचे चुलते. जामीनदार झाल्यावर माणूस सल्लाही अधिक विचारपूर्वक देतो, हे मला मान्य केले पाहिजे.

आता पुन्हा किलोमीटरांकडे. रोज कारखान्यापर्यंत गाडी नेली तर ८३२ किलोमीटरांना लिटरमागे ५२ च्या ॲव्हरेजने सोळा लिटर पेट्रोल, १०४ रुपये भावाने १,६६४ रुपये. सर्व्हिसिंग, ऑइल, टायर, चेन, ब्रेक यांचा खर्च किलोमीटरमागे ५५ पैसे धरला, त्याचे ४५८. पुढच्या वर्षीच्या विम्यासाठी दरमहा १४० बाजूला. हप्ता ३,२९५. एकूण ५,५५७. बसचे ६०० वाचले तरी ५,२०० मधून २४३ रुपये उरतात, आणि सुट्टीच्या दिवशी महिन्याला १२० किलोमीटर इकडे-तिकडे फिरणे झाले की तेही उरत नाहीत. उलट गाडी फाट्यापर्यंतच नेली, फाट्यावरच्या गॅरेजवाल्याला दरमहा २०० रुपये देऊन त्याच्या शेडमध्ये लावली आणि पुढे बसने गेले, तर फिरणे धरून ३२८ किलोमीटर, पेट्रोल ६५६, देखभाल १८०, विमा १४०, हप्ता आणि भाडे मिळून ४,४७१. शिल्लक ७२९.

गाडी तीच, हप्ता तोच. पैशांच्या फरकाइतकेच महत्त्व मी दुसऱ्या गोष्टीला दिले. रात्री बारा वाजता, आठ तास मशीनवर उभे राहिल्यानंतर, कंटेनर आणि ट्रेलरने भरलेल्या पुणे-नाशिक महामार्गावर नव्या चालकाने बारा किलोमीटर यावे, असे मला कोणत्याही किमतीत वाटत नव्हते. चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी ज्याने पाहिली आहे, त्याला वेळ वाचेल हा मुद्दाही फारसा पटणार नाही. बसमध्ये तो झोपतो. भाच्याचा विरोध होता: "गाडी घ्यायची आणि बसने जायचे, लोक हसतील." हा विरोध पोरकट नाही. बावीस वर्षांच्या मुलाला गाडी ही केवळ वाहतुकीची सोय नसते. पण त्याला गाडी ज्या अडचणीमुळे हवी होती, ती अडचण चार किलोमीटरांची होती, सोळांची नव्हती, एवढे त्याने मान्य केले.

रोख पैशांचा शेवटचा हिशेब असा. ५२,००० मधून गाडीला ३४,७५०, पतसंस्थेला १,१००, परवान्याला १,०००. आयएसआय खुणेचे पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट १,६००, मागे बसणाऱ्याचे दुसरे १,१००, रेनकोट १,०००, हातमोजे ४००. हार, नारळ, पेढे आणि पहिले पेट्रोल मिळून ६५०. उरले १०,४००. ही रक्कम मी मोडू दिली नाही, कारण कंत्राटी कामगाराला मुदत संपली की ब्रेक मिळतो आणि पुन्हा बोलावणे कधी येईल हे सांगता येत नाही. तीन हप्ते ९,८८५ रुपयांचे होतात, आणि जामीनदार म्हणून मला तेवढ्याची तरी खात्री हवी होती.

२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, गाडी आली. त्यानंतरच्या तीन महिन्यांची वही माझ्यासमोर आहे. ऑक्टोबरात ३२८ किलोमीटरांऐवजी ६१० झाले: दिवाळी, दोन लग्नांची बोलणी, आणि मित्राला मागे बसवून भीमाशंकर. नोव्हेंबरात ३९५, कारण ओव्हरटाइममुळे बस चुकणार म्हणून तीन वेळा गाडी थेट कारखान्यावर न्यावी लागली. त्या तीन दिवसांची ओव्हरटाइमची रक्कम पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त असल्याने त्याबद्दल माझी तक्रार नाही. डिसेंबरात ३५०. ॲव्हरेज ५२ धरले होते, प्रत्यक्षात ४८ मिळाले. पेट्रोलचे १,३२०, ८६० आणि ७६० मिळून २,९४० गेले, अंदाज १,९६८ चा होता. पहिल्या सर्व्हिसिंगची मजुरी मोफत, पण ऑइल आणि किरकोळ सामानाचे ६२० लागले. एक पंक्चर १५०. फाट्यावरच्या चिखलात गाडी उभ्याउभ्या आडवी झाली, आरसा फुटला, त्याचे २८०, आणि लेगगार्ड वाकले पण टाकीला ओरखडा नाही. बहिणीचा अकराशे रुपयांचा हट्ट असा वसूल झाला.

तीन महिन्यांत २,१८७ रुपये उरायला हवे होते, उरले ७०५. आकस्मिक खर्चाचे १०,४०० जसेच्या तसे आहेत. वहीत मी रकाने आखून दिले होते ते तारीख, किलोमीटर, पेट्रोल आणि इतर असे चारच. पाचवा रकाना डिसेंबरपासून त्याने स्वतः आखला आहे: त्या दिवशी गाडी फाट्यावर थांबली की पुढे गेली. त्या महिन्यात "पुढे" हा शब्द एकदाही आलेला नाही.